आजारी गाडी विकायची नाही

आमच्या घरमालकांना माणसांच्या तब्येतीत काडीचाही रस नव्हता. एकदा मला सणकून ताप भरला होता. दोन पांघरुणं घेऊन मी कण्हत पडले होते, तर हे दारात उभे राहून वर बघत म्हणाले, "तुझा पंखा आजारी आहे गं. बेअरिंग गेलंय त्याचं. ऐकू येत नाही तुला?"

मी म्हटलं, "काका, ताप मला आलाय."

"ताप उतरतो. बेअरिंगचं तसं नसतं," असं म्हणून ते स्टूल आणायला गेले. मागून काकू मऊ भात आणि मेतकूट घेऊन आल्या. स्टुलावर चढलेल्या नवऱ्याकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि मला म्हणाल्या, "लक्ष देऊ नकोस. आमच्या लग्नात सगळे मंगलाष्टकं ऐकत होते आणि हे जनरेटर ऐकत होते."

खालापूरला तालुक्याच्या कचेरीत माझी बदली झाली, तिथं मनासारखी खोली मिळेना, म्हणून कर्जतला या दोघांच्या मागच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहायला आले. घर ठरवताना काकांनी माझं नाव, गाव, लग्न झालंय की नाही, यातलं काही विचारलं नाही. माझं सामान घेऊन टेंपो आला, तेव्हा ते रस्त्यावर जाऊन टेंपोवाल्याशी भांडत होते. "बेल्ट रडतोय तुझा! गल्लीच्या तोंडापासून ऐकतोय मी. मुकं जनावर म्हणून किती छळशील?" टेंपोवाला बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, अरे देवा, कुठे येऊन पडले मी!

काकांचं सगळं आयुष्य भिवपुरीच्या पॉवर हाऊसमध्ये मशीनं ऐकण्यात गेलं होतं. पाणी चाकावर पडतं, चाक फिरतं, आणि त्या घुमण्यात जरा कुठे फरक पडला की काका जेवणाच्या ताटावरून उठायचे म्हणे. निवृत्त झाल्यावर कान रिकामे झाले. मग त्यांनी ती गाडी घेतली.

मुंबईत पूर्वी काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ज्या जातीची गाडी धावायची, त्यातली ती होती. ही मात्र कधी टॅक्सी नव्हती, असं काका कुलीन घराण्याचा दाखला द्यावा तसं सांगायचे. मूळचा रंग मोतिया. आता खाली लागलेल्या दुधासारखा. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, पुढची सीट सलग बाकासारखी, आणि पेट्रोलचा काटा कधीच मेलेला. अंगणात पत्र्याच्या शेडखाली ती उभी असायची. तिला काका "पेशंट" म्हणायचे, आणि गल्ली काकांना "डॉक्टर" म्हणायची. पाठीमागे आणखीही काही म्हणायची, ते इथे नको.

त्यांची तपासायची रीत ठरलेली होती. "आधी विचारायचं, मग उघडायचं," हे त्यांचं पहिलं वाक्य. बॉनेट वर करून इंजिन चालू ठेवायचं, लांब दांड्याच्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. त्या वेळी कुणी बोललेलं चालत नसे. काकूंनी फोडणी टाकलेली चालत नसे. एकदा शेजारच्या काकूंचा कुकर मध्येच शिट्टी फुंकून गेला, तर हे कुंपणावरून ओरडले, "अहो, ओपीडी चालू आहे इथे!" मग डोळे उघडून निदान सांगायचे. "खोकला कोरडा आहे. कचरा नाही आलेला." किंवा, "तिसरा प्लग रुसलाय." आणि कधी कधी नुसतंच गाडीला विचारायचे, "कुठं दुखतंय गं बाई तुला? सांग ना."

आठवड्यातून एखाद-दोन वेळा मला खालापूरला सोडण्याच्या निमित्तानं ट्रायल निघायची. मागच्या सीटवर मी, पुढे ते दोघं. काकूंच्या मांडीवर डबा. मी एकदा विचारलं, "काकू, मला सोडून लगेच परत यायचंय, मग डबा कशाला?" तर म्हणाल्या, "गाडी यांची आहे ना? मग डबा लागतो."

लागायचाच. कर्जतहून गाडी इतकी गुणी निघायची की मी घड्याळात बघून आज साहेबाचं तोंड बंद करायचं ठरवायचे. चौक गावाच्या रस्त्याला बेहड्याचं एक मोठं झाड आहे. त्याच्या जरा अलीकडे ती पहिला आचका द्यायची. मग दुसरा. मग उचकी लागल्यासारखी गचके खात बरोबर बेहड्याच्या सावलीत जाऊन मान टाकायची. तिथून माथेरानची लांबच लांब धार दिसते, खाली भातखाचरं. शेजारच्या खाचरातला शेतकरी आम्हाला बघून हातातलं काम सोडून पाण्याचा तांब्या घेऊन यायचा. "आलात का, काका? आज उशीर केलात तुमी. मला वाटला, बरी झाली का काय!"

काका बॉनेटमध्ये डोकं घालायचे. काकू झाडाखाली सतरंजी पसरायच्या, डबा उघडायच्या. थालीपीठ, लसणाची चटणी, दह्याची वाटी. काका तेलकट हात पुसत यायचे, मांडी घालून बसायचे, आणि मग दोघांची आजाराची चर्चा सुरू व्हायची. काकू म्हणायच्या, "कॉइल तापत असेल हो." काका म्हणायचे, "कॉइल बदलली." "मग पंप?" "पंप उघडून बघितला." "मग उन्हाचं होत असेल तिला." "हं. असेल." खाऊन झालं की काका हात धुवायचे, एक वाळकी काडी शोधायचे, गाडीच्या मागच्या अंगाला जाऊन टाकीचं झाकण उघडायचे आणि काडी घालून पेट्रोल किती उरलंय ते बघायचे. मग सेल्फ मारला की गाडी सुरू! जणू काही झालंच नव्हतं. कचेरीत साहेब विचारायचा, "आज पण गाडी बंद पडली का, मॅडम?" मी म्हणायचे, "हो, आणि थालीपीठ छान होतं."

काही दिवस मात्र ती न थांबता थेट खालापूरपर्यंत जायची. त्या दिवशी काका खूश व्हायला हवेत की नाही? तर हे गप्प. काकूही गप्प. डबा मांडीवर तसाच. संध्याकाळी मी परतले तरी काका शेडखाली तिच्याकडे बघत उभे असायचे. त्याचं कारण मला पुढे कळलं.

काकूंच्या छातीत एकदा दुखलं होतं. पुण्याचा मुलगा धावत आला आणि बापाला म्हणाला, आता बास झालं, दोघं माझ्याकडे चला. त्याच्या सोसायटीत गाडी ठेवायला जागा नव्हती, आणि नेरळचा एक रिसॉर्टवाला शेठ लग्नाचे फोटो काढायला असली जुनी गाडी शोधतच होता. म्हणजे सगळं जुळत होतं. काकांनी मुलाला शब्द दिला, पण एका अटीवर. त्यांच्या वडिलांची गावाकडे शेती होती, आणि वडिलांचा नेम होता की आजारी बैल बाजारात न्यायचा नाही. दुसऱ्याच्या दावणीला मरण बांधणं ते. "तसंच हे," काका म्हणाले. "आजारी गाडी विकायची नाही. बरी झाली, की विकू आणि येऊ." मुलाला वाटलं, बरी व्हायला कितीसे दिवस लागणार? त्याला त्याचा बाप माहीत नव्हता. आणि आई तर अजिबात माहीत नव्हती.

एका सकाळी मी कपडे वाळत घालायला अंगणात आले. काका दूध आणायला गेले होते. काकू गाडीच्या मागे पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी हाक मारली तशा केवढ्या दचकल्या! एका हातात टाकीचं झाकण, दुसऱ्या हाताच्या चिमटीत कपड्याच्या साबणाचा मळलेला तुकडा.

"काकू, काय करताय?"

"हळू बोल गं, बाई."

त्यांनी मला जवळ ओढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला एक बारीक भोक होतं. त्यात त्यांनी माझ्यासमोरच अंगठ्यानं साबण दाबून भरला. "तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना?" त्या कुजबुजल्या. "एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा जाते. हवेचं बंद केलं की तेल गुडगुड करून थांबतं. हिचं तसंच. भोक बुजवलं की थोडं अंतर जाते आणि पेट्रोल यायचं थांबतं. हे यांनीच शिकवलं मला. आणि साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही हेही. टाकीला चीर गेली होती एकदा, तेव्हा माझ्या पिशवीतला साबण घेऊन यांनीच घासला होता. म्हणाले होते, लक्षात ठेव. ठेवलं मी."

"मग अधूनमधून नीट कशी चालते?"

"वाळला की सुटून पडतो मेला. रोज थोडीच बघायला मिळतं मला?"

मला हसू आवरेना. त्यांना मात्र हसू येत नव्हतं. "महिनाभर राहून आले ना मी पुण्याला. मुलगा-सून सोन्यासारखी आहेत, खोटं कशाला बोलू? पण सकाळी उठून मी करायचं काय? भांड्यांना बाई, स्वयंपाकाला बाई, आणि मी बाल्कनीत कुंडीसारखी. इथं मला नदीचा आवाज येतो. भाजीवालीशी घासाघीस करता येते. भांडायला शेजारीण आहे. नाही जायचं गं मला."

"मग काकांना सांगा ना सरळ."

"त्यांनी शब्द दिलाय मुलाला. शब्द मोड म्हणून कसं सांगू मी त्यांना? त्यापेक्षा गाडी मोडलेली बरी." झाकण लावून त्यांनी पदराला हात पुसला. "तू बोलणार नाहीस ना?"

नाही बोलणार, असा मी शब्द दिला. पण त्यानंतर काकांकडे बघवेना. तो माणूस कार्ब्युरेटर उघडून एकेक भाग रॉकेलमध्ये धुतोय, वायरी बदलतोय, चौकच्या मेकॅनिकला बोलावतोय. मेकॅनिक डोकं खाजवत म्हणतोय, "काका, हिला काय बी झालेला नाय. हिला नजर लागली हाय." आणि खिडकीत काकू निर्विकार चेहऱ्यानं भाजी निवडतायत. मला वाटायचं, किती भोळा आहे हा माणूस! साऱ्या गल्लीचे आजार ऐकतो आणि स्वतःच्या घरातलं ऐकू येत नाही.

काकू गेल्या त्या दिवाळीच्या सुमारास. दुपारी देवापुढच्या वाती वळत बसल्या होत्या, तिथंच कलंडल्या. दवाखान्यात न्यायला वेळच मिळाला नाही. मुलगा आला, रडला, आणि एकदाच बोलून गेला, "पुण्याला असती तर वाचली असती कदाचित." काकांनी मान खाली घातली. मला त्या क्षणी ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, तिला इथंच राहायचं होतं! पण मी शब्द दिला होता.

पुढं बरेच दिवस गाडी शेडखालून हललीच नाही. स्क्रू-ड्रायव्हर खिडकीत पडून राहिला. माझा मिक्सर घरघर करत होता, तरी काका बोलले नाहीत, तेव्हा मला खरी भीती वाटली. मग एका सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून म्हणाले, "चल, ट्रायल घेऊ. सोडतो तुला." त्यांच्या हातात डबा होता. पोळ्या त्यांनी स्वतः लाटल्या होत्या, त्यांचा आकार सांगत नाही.

गाडी निघाली. मनात म्हटलं, साबण लावणारी तर गेली. जुना साबण कधीच वाळून पडला असेल. आता ही थांबायची नाही. बेहडा दिसायला लागला आणि मी पुढच्या रिकाम्या जागेवर ठेवलेल्या डब्याकडे बघितलं. तेवढ्यात गाडीनं आचका दिला.

सावलीत जाऊन ती थांबली. खाचरातला शेतकरी तांब्या घेऊन आला, पुढच्या सीटकडे बघून म्हणाला, "आज आजी नाय आल्या?" काका म्हणाले, "नाही. आता नाही यायच्या." त्यानं तांब्या खाली ठेवला आणि शेजारी उकिडवा बसला, मग थोड्या वेळानं उठून कामाला गेला.

काकांनी बॉनेट उघडलंच नाही. मी उतरले आणि सरळ मागे जाऊन टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून आवाज झाला, बाहेरची हवा आत ओढली गेली. झाकण उलटं केलं. भोकात ताजा, ओला साबण. त्यावर अंगठ्याचा ठसा, चांगला रुंद. काकूंचा अंगठा माझ्याहून लहान होता.

"घाई केलीस," काका सतरंजी पसरत म्हणाले. "जेवायच्या आधी झाकण उघडलंस."

मी तिथंच उभी राहिले. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"पॉवर हाऊसमध्ये जन्म गेला माझा. टाकीत हवा जात नाही, एवढं कळायचं नाही मला? हा फुस्स आवाज तर मी पहिल्याच खेपेला ऐकला. झाकणाला साबणाचा वास. आमच्याच मोरीतला."

"मग कार्ब्युरेटर कशाला धूत होतात? त्या मेकॅनिकला कशाला बोलावलंत?"

"तिला दिसायला नको, मी शोधतोय म्हणून? निदान झालं असतं तर इलाज करावा लागला असता. आणि इलाज झाला असता तर जावं लागलं असतं. मी शब्द दिला होता गं." त्यांनी डबा उघडला. "इतक्या वेळा थांबलो इथं आपण. तिचं जेवण झाल्याशिवाय मी ते झाकण कधी उघडलेलं बघितलंस?"

मी आठवून बघितलं. कधीच नाही. काडी घालून पेट्रोल बघायचे ते नेहमी हात धुतल्यावर. इतकी वर्षं मी त्या दोघांच्या मागे बसून प्रवास केला आणि मला काय दिसलं? कप्पाळ.

"आणि आता? आता का लावलात साबण?"

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तो हातातच ठेवला. "परवा तू कचेरीत होतीस, तेव्हा एकट्यानंच काढली होती. थेट खालापूरला गेली. इथून जाताना थांबलीच नाही. शिवी द्यावीशी वाटली तिला." मग डोळे पुसायचे म्हणून त्यांनी चष्मा काढला, तो तसाच हातात राहिला. मी शेजारी बसून पोळी खाल्ली. खूप जाड होती. अजून तिची चव जिभेवर आहे.

पुढच्या वर्षी मोरीत पाय घसरून काकांचं खुब्याचं हाड मोडलं. आता मुलाचं ऐकावंच लागणार होतं. तो नेरळच्या शेठला घेऊन आला. काका खोलीत खाटेवर आडवे. मला म्हणाले, "तू जा बरोबर. बरी असली, तर देऊन टाक." एवढं बोलून भिंतीकडे तोंड केलं. बाहेर शेठ गाडीला हात लावून लावून बघत होता. "मस्त पीस आहे. फुलं लावली की काय दिसेल!"

मी मोरीत गेले. साबणाची वडी अर्धी झिजलेली होती. नखानं तुकडा काढला, अंगठ्यानं मळला. शेठ आणि मुलगा बॉनेटपाशी होते, तेवढ्यात मागे जाऊन तो झाकणाच्या भोकात दाबून भरला.

बेहड्यापाशी गाडीनं मान टाकली तेव्हा शेठ घामाघूम झाला होता. मुलानं सेल्फ मारून मारून बॅटरी अर्धमेली केली. मी मागे शांत बसून होते. शेतकरी तांब्या घेऊन आला आणि म्हणाला, "बसा शेठ, हिचा ह्ये नेहमीचाच हाय." शेठनं टमटमला हात केला आणि निघून गेला तो गेलाच. मुलगा फोनवर बोलत जरा लांब गेला, तेव्हा मी झाकण उघडून घेतलं.

घरी आल्यावर खाटेवरून आवाज आला, "काय म्हणतोय पेशंट?"

"बंद पडली, काका. बेहड्यापाशी."

ते भिंतीकडून वळले. केवढं मोठं ओझं उतरल्यासारखा श्वास सोडला त्यांनी. मुलाला म्हणाले, "बघ. आजारी आहे. विकायची नाही. या पोरीकडे ऍडमिट राहू दे." मुलगा वैतागला होता, हो म्हणाला. जाताना ऍम्ब्युलन्समधून काकांनी मला बोलावलं आणि तो लांब स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला. सल्ला नाही, आशीर्वाद नाही. ऍम्ब्युलन्स सुरू झाली तेव्हा ड्रायव्हरला ओरडले, "अरे, टॅपेट वाजतायत तुझे!"

आता पुढच्या खोल्यांना कुलूप आहे. मागे मी आहे. माझा पंखा परत आवाज करायला लागलाय आणि दारात उभं राहून तसं सांगणारं कुणी नाही. मला त्या दोघांची फार आठवण येते, अगदी भलत्या वेळी येते, फोडणी टाकताना, कुकरची शिट्टी होताना.

रविवारी दुपारी काकांचा फोन येतो. आता काठी घेऊन चालतात म्हणे. बाल्कनीत बसतात. समोरच्या इमारतीची लिफ्ट आजारी आहे, पण तिथला वॉचमन ऐकून घेत नाही. मग विचारतात, "पेशंट?" त्यांना खोटं सांगायला मला जमत नाही, मशीनच्या बाबतीत तर नाहीच. म्हणून रविवारी मी मोरीतला साबण लावते, डबा भरते आणि नव्यानं शिकलेल्या हातानं गाडी हाकत फोन यायच्या आत बेहडा गाठते.

परवाही तिथंच होते. फोन वाजला.

"काय म्हणतोय पेशंट?"

"बंद पडलाय, काका. बेहड्याखाली."

"अस्सं. म्हणजे अजून बरी नाही."

"नाही ना."

"मग मला यायला हवं एकदा बघायला. पाय जरा धड होऊ दे, सांगतो मुलाला." आवाजात जुनी धार आली होती. "झाकण उघड बघू. फोन जवळ धर, आवाज ऐकू दे."

मी गाडीच्या मागे गेले, झाकणाला हात घातला.

"थांब, थांब," तिकडून काका म्हणाले. "जेवलीस का?"

"नाही अजून."

"मग घाई कसली आहे गं? आधी जेव."